तिसरा ठोका

टेंडरमधल्या कोळशाखाली जागा करून
अठ्ठावीस मिलिमीटरचा स्पीकर बसवला,
तोंड खाली, रुळांकडे.
मागून खोकल्याच्या औषधाचं झाकण चिकटवलं.
हवा कोंडल्याशिवाय
एवढ्याशा कागदाला छातीतला आवाज येत नाही.

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान.
दिवसा मिक्सर, पंखे,
कन्नड शाळेचा माईक, मराठी शाळेचाही, दोन्ही घरघरणारे.
रात्री शटर अर्धं ओढून हे.

आसावर तांदळाएवढे चार चुंबक, खाली रीड स्विच.
चाक एकदा फिरलं की चार ठोके.
गणित बरोबर होतं.

लोंढ्याहून इनासबाब आले.
मीटरगेजवर आधी फावडं, मग रेग्युलेटर.
डोळे मिटून ऐकलं.
"कुठलं रे हे? ह्येला साधी सर्दी पण नाही."
चिपमधला आवाज परदेशी होता,
सपाट मुलखातला, तेलपाणी वेळेवर झालेला.

मग काउंटरवर बोटानं वाजवून दाखवलं:
झक् झक् झ…क् झक्.
"तिसरा उशिरा. आमची लंगडत होती.
हुबळीचा फोरमन म्हणाला, व्हॉल्व बसवून देतो.
दिलाच नाही.
तिनईघाट सोडला की
त्या लंगडण्यावरून घरात कळायचं,
भात आत्ता ठेवायचा की नंतर."

तिसरा चुंबक केसभर सरकवला.
अजून. नको, मागं. अजून.
तीन रात्री.
चौथ्या रात्री त्यांचा उजवा हात
शिट्टीची दोरी ओढायला आपोआप वर गेला
आणि ट्यूबलाइटला लागला.

"आता थांबव."
मी स्विच बंद केला.
"बंद नको रे, थांबव म्हटलं.
थांबलेलं इंजिन गप्प बसतंय काय?"

तो आवाज माझ्याकडे नव्हता. कुठं मिळेना.
शेवटी गुरुपादाच्या गाड्यावरचा
पंप मारलेला स्टोव्ह रेकॉर्ड केला,
तापल्या तव्यावर ओलं फडकं,
मधूनच एक थेंब.

आता ते येतात, स्टुलावर बसतात.
इंजिन काउंटरवर उभं, सुरसुरत, कुठंही न जाता.
बाहेर विजेची गाडी येते,
घोषणा कन्नडात, हिंदीत, इंग्रजीत.
त्यांचं तिकडं लक्ष नसतं.

काल विचारलं, "पाणी घेतलंस?"
"घेतलं."
"मग सिग्नल पडला नसेल अजून,"
म्हणाले, आणि चप्पल काढून
पाय वर घेऊन बसले.