परिशिष्ट ब

कराराचा अकरावा मसुदा.
सातवं कलम अजून पिवळ्या रंगात:
निष्कर्ष छापण्याआधी अठरा महिने थांबावे.
मी सहा लिहितो,
पुण्याहून अठरा परत येतात.
माझं काम एवढंच, मधे बसणं.
कंपनी मला विद्यापीठाचा माणूस म्हणते,
झोपे सर कंपनीचा.

नजमा तडवीला डिसेंबरात प्रबंध द्यायचा आहे.
तिच्या काचेच्या बशीत एक बुरशी वाढते,
फिकट, साबणाच्या फेसासारखी.
केळीच्या मुळाशी राहते
आणि मर रोगाला आत येऊ देत नाही,
दहातल्या सात वेळा.
उरलेल्या तिनांबद्दल कंपनीला ऐकायचं नाही,
नजमाला नेमकं तेच लिहायचंय.

जानेवारीत आले होते सगळे.
गिरणेकाठच्या मळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली,
कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात.
त्यांच्या वकील श्रॉफ मॅडम
बोटं चाटत कृती विचारू लागल्या.
राखणदाराच्या बायकोनं सांगून टाकली सगळी:
मिरची कधी, तेल किती,
वांगं लाकडानंच ठेचायचं, लोखंड लावायचं नाही.
मॅडमनी फोनमध्ये उतरवून घेतली.
सही कुणाचीच नाही.
माझ्या खिशात सातव्या कलमाची घडी.

परिशिष्ट ब: कोणी काय आणलं.
कंपनी: बत्तीस लाख, दोन यंत्रं, एक शीतकपाट.
विद्यापीठ: प्रयोगशाळा, वीज (भारनियमन वगळून),
संशोधक विद्यार्थिनी, एक नग.
'नग' मी खोडलं.
नजमा मागे उभी होती.
'सर, माती राह्यली.'
कोणती?
'मायच्या बांधावरची. अर्धा किलो.
दह्याच्या डब्यात आणली होती, बसमध्ये, मांडीवर.'

चौथी ओळ टाकली:
माती, अर्धा किलो, हमीदाबाई तडवी, तालुका यावल.
पुण्याहून खोडून आली. शेरा: मूल्य निरंक.
मी परत टाकली.
परत खोडली.
तिसऱ्यांदा मॅडमचा फोनच आला.
मी आवाज चढवायच्या तयारीत.
त्या म्हणाल्या,
'त्या बाईंचा डबा परत केलात का?'

डबा शीतकपाटात आहे, खालच्या फळीवर.
झाकणावर नजमाच्या अक्षरात तारीख,
आणि आतल्या कडेला
अजून थोडा तांबूस कोरडा थर.

बाराव्या मसुद्यात ओळ आहे.
मूल्याच्या रकान्यात नुसती रेघ.
सातव्या कलमात बारा महिने.
जिंकल्यासारखं मी नजमाला दाखवतो.
ती बोटांवर मोजते.
'म्हंजे पुढचा डिसेंबर, सर.'
बाहेर पंचेचाळीस अंश.
मी कूलरमध्ये पाणी ओतायला उठतो.