आजचा मासा

रोज अकराला फळा पुसायचा, हे माझं पहिलं काम.
सोळा वर्षांची होते, पहिलाच आठवडा.
ओल्या फडक्याखाली कालचं जेवण विरघळायचं:
हेक, लेमन सोल, दोन खेकडे,
आणि प्रत्येकापुढे होडीचं नाव,
पोरापुढे बापाचं लावावं तसं.

मग लव्हडे यायची, खडू कानामागे खोचून,
हाताला खवले चिकटलेले.
धक्क्यावरून चढून वर येईल
तेच लिहायचं, म्हणायची.
मागे फ्रीझर होता. त्यात वाटाणे,
आईस्क्रीम, आणि कुत्र्यासाठी हाडं.
गोठवलेला कॉड विकायला आलेल्या माणसाला
तिने चहा पाजला, केक दिला
आणि वाट दाखवली.

त्या आठवड्यात मंगळवारपासून नैऋत्येचा वारा.
कॉर्नवॉलच्या त्या टोकाला वाऱ्याला अडवायला काही नाही,
चार झुडपं, तीही पाठ फिरवून वाढलेली.
होड्या धक्क्याला बांधलेल्या,
टायरांना अंग घासत रात्रभर कण्हायच्या.

शनिवारी अकरा टेबलं आरक्षित.
लव्हडे फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.
‘आजचा मासा’ लिहिलं. मग त्याखाली
‘वारा’.
आणि होडीच्या जागी ‘सगळ्यांकडून’.

लोक हसले, मग हसायचे थांबले.
आमची गल्ली अशी की समोरून ट्रॅक्टर आला
तर अर्धा मैल उलटं जावं लागतं,
तेवढं सोसून आलेली माणसं ती.
चार टेबलं उठून गेली.
खडीवरून टायरांचा आवाज गेला
तेव्हा लव्हडे ग्लास पुसत होती,
कोरडाच.

खिडकीपाशी स्विंडनचं जोडपं, ग्रॅहम आणि हिलरी.
‘मासा नाही?’
‘नाही.’
‘नाही म्हणजे?’
‘म्हणजे समुद्रात आहे,’ मी म्हणाले,
आणि कानांपर्यंत लाल झाले.

नऊ वर्षांपूर्वी इथे टर्बट खाल्ला होता त्याने.
दोन्ही हातांनी लांबी दाखवली,
मग बायकोकडे पाहून थोडी कमी केली.

कोपऱ्यात जोरी बसला होता, अंडं आणि बटाटे खात,
मान वर न करता,
जणू वारा त्याच्याच घरून सुटला होता.
ग्रॅहम उठून त्याच्याकडे गेला.
‘तो टर्बट तुम्ही आणलेला का?’
जोरीने काटा खाली ठेवला.
‘कुठला महिना?’
‘मे.’
‘मेमध्ये माझं इंजिन उघडून पडलेलं. पेनहेलचा असणार.’
‘ते कुठे भेटतील?’
‘होडी विकली. विमानतळावर
लोकांच्या बॅगा तपासतो आता.’

ग्रॅहम तिथेच बसला. पुटपुटला, पेनहेल,
जणू घास पुन्हा चावून बघत होता.
मी दोघांना लीकची पाय वाढली.
हिलरी म्हणाली, मीठ कमी आहे.
होतंच कमी. तरी ताटली पावाने पुसली तिने.

दहाच्या सुमारास जोरीने दार उघडलं
आणि उंबऱ्यात तसाच उभा राहिला.
‘दार लाव रे!’ सगळे ओरडले.
तो ऐकत होता. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही,
आणि तेच तो ऐकत होता.

रविवारी अकराला मी फडकं भिजवलं.
‘वारा’ निघता निघेना, लव्हडेने खडू फार दाबला होता.
मागच्या दारी ओलं खोकं टेकल्याचा आवाज आला.
सात मॅकरेल. सातच.
डोळे अजून काचेसारखे, कल्ले लाल.

लव्हडेने कानामागचा खडू काढून
माझ्या हातात दिला.
‘मासा बारीक लिही,’ म्हणाली,
‘होडी मोठी काढ.’