जॉबर

नीलमनगरात दुपारी अडीचला लाईट गेली
आणि चोवीस माग एकदम मुके झाले.
कानात मात्र खटखट तशीच.
बाहेर बेचाळीस डिग्री, पत्र्याखाली किती
ते कुणी मोजत नाही.

राजेशम यंगल मागाखालून सरकत बाहेर आला,
काळे हात चिंधीला पुसत.
मी चादरी न्यायला आलेलो, मुलीच्या सासरी द्यायला.
निवृत्त. प्राणिशास्त्र, अडतीस वर्षं.
"तुमचा बेडूक अजून आठवतोय की सर," म्हणाला.
बारावीला नापास झालेला हा,
पण बेडूक याच्याइतका नीट कुणी उघडला नव्हता.
"काळीज दाखवलं, यकृत, आतडं, समदं दाखवलं.
शेवटी ट्रेमध्ये बेडूक कुठं होता?"

त्या वर्षी मी फळ्यावर लिहीत असे:
पेशी म्हणजे कारखाना.

उत्तर द्यायचं म्हणून मोराकडे बोट केलं.
मान विणून झालेली, पिसारा अजून
वर टांगलेल्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांत.
म्हटलं, यातला कुठला धागा मोर आहे?
लाल काढ, हिरवा घाल, मोर राहतोच.
तो सुतांच्या एकमेकांशी असण्यात आहे.
मला वाटलं, जमलं.

तो हसला. "आणि माग बिघडला की?"
तू आहेस.
"मी बिघडलो की?"
अंगठा पुढे केला. मागच्या महिन्यात
दांडीनं फोडलेला. काळ्या नखाच्या मुळाशी
नवं नख, तांदळाच्या कणीएवढं.
"हे कुणी केलं? टाका नाही, बिल नाही,
मी तर झोपलो होतो.
आत कुठला जॉबर बसलाय,
आणि त्याचा जॉबर कोण?"

पत्रा तडतडला.
मी बोललो नाही, पण डोळ्यांपुढे आलं:
हा मोर चादरीतून मान काढतोय,
चोचीत पाना धरून मागाचा ढिला नट आवळतोय,
आणि तोच माग
त्याच मोराची चोच विणतोय.
चोच आधी की नट,
हा प्रश्न पेपरात पाच मार्कांना येतो.
अडतीस वर्षं मी कापत आलो,
आणि कापलं की नेमकं तेवढंच तुटतं.

"जेवला का सर?" कांडी भरणारी सत्तम्मा.
कडक भाकरी, शेंगाची चटणी.
राजेशमनं त्याच अंगठ्यानं भाकरी मोडली.
भाकरीचा अंगठा होणार होता रात्रीतून,
अंगठ्याची उद्या भाकरी.
हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं

तर लाईट आली.