शिडी

पहिला तक्ता आम्ही गाईंचा केला.
माणसांची माहिती फळ्यावर मांडायची नसते,
हा धडा तिथेच उरकला.
नाव, रंग, दूध, मालक.
‘त्सिरा’ नावाच्या गाई निघाल्या चार,
तेव्हा कानातल्या बिल्ल्याचा आकडा हीच खरी ओळख
हे दारिकोनं मला सांगितलं,
मी तिला नाही.

मग लोकरीचा धागा, बाकांबाकांतून.
कात्रीनं मी एक पदर तोडला
तरी चिठ्ठी वळसा घेऊन पोचली शोताकडे.
तो लाल झाला.
वाटेतल्या तिघांनी ती वाचली होती.

पासवर्ड म्हणून सगळ्यांनी
पुन्हा गाईंचीच नावं लिहिली.
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं:
बर्फात उभे आपल्या स्वानेतीचे बुरूज.
वैराच्या दिवसांत दार दोन पुरुष उंचीवर,
अंधार पडला की शिडी आत.
तसंच हे, म्हटलं.

घंटा झाली. मुर्झाकान रेंगाळला.
“पणजोबांच्या भावानं
शिडी स्वतःच खाली सोडली होती, बाई.
हाक ओळखीची वाटली म्हणून.”

फळा अर्धाच पुसलेला.
उद्याचा तास मी त्याला दिलाय.