भोक न पाडता

छताला भोक पाडायचं नाही,
हे हेमांगीनं व्हॅन घेतानाच बजावलेलं.
छत फायबरचं. अँटेनाचं लोहचुंबक त्यावर धरेना,
घसरून बॉनेटवर आपटलं.
तो ओरखडा मी तिला अजून दाखवलेला नाही.

तपकीर गल्लीतल्या बोथरांनी पकड दिली :
मागच्या शिडीला लावा.
आधी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली,
मग पकड, मग पाना, जपून, अर्धाच फेरा.
केबल दाराच्या रबरामधून आत,
बाहेर थोडा झोळ सोडून,
म्हणजे पाणी तिथवर येईल नि गळून जाईल.

तरी मीटरचा काटा तीनवर अडलेला.
शिडी दाराला, आणि दार नि सांगाडा यांच्यात
नुसता रंग.
बिजागरीच्या जुन्याच स्क्रूखाली
तांब्याची वेणी सरकवली.
दीड.

बोपदेवच्या माथ्यावर रात्री साडेआठला
हाक घातली. खरखर.
पुन्हा घातली.
मग कारवारचे कुणी कामत :
"ऐकतोय, स्वच्छ. कुठून बोलताय?"
पुण्याहून, म्हटलं. गाडीतून.
एकही भोक न पाडता.

चहा गाळता गाळता हेमांगी म्हणाली,
"बॉनेटचंही सांगा त्यांना."

बटण दाबलेलंच होतं.
सोडलं, तर तिकडून बराच वेळ
नुसती खरखर.