तीन फूट किंवा तीन मैल

हनीफचं म्हणणं, आग्रा रोडच बरा.
मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनीचा घाट,
पुढे इंदूर, कोटा आणि थेट भरतपूरची मोहरी.
एक हजार साठ किलोमीटर, बावीस तास,
घाटात कंटेनर आडवा पडला नसेल तर.

काशिनाथ भोये म्हणतो, सापुतारा.
वणीवरून वर चढायचं, पलीकडे उतरलं की गुजरात,
बडोद्यापासून रस्ता असा की पेल्यातलं पाणी हलत नाही.
सव्वादोनशे किलोमीटर जास्त, पण तासाचाच फरक.
"आणि वळणं?" हनीफ विचारतो. "पोळी तुटली म्हणजे?"
बरोबर आहे त्याचं. चौकटी आम्ही रस्त्याच्या दिशेने लावतो,
ब्रेक मारला तरी झुलू नयेत म्हणून.
वळणाला कुठली दिशा?

मोबाईलने दोन रेघा दाखवल्या,
एक निळी, एक राखाडी.
त्याला काय ठाऊक, मागे ऐंशी पेट्या आहेत,
आणि भर दुपारी गाडी अर्धा तास उभी राहिली
की मेण मऊ पडतं, आतला आवाज बदलतो.
तो आवाज ऐकलाय मी एकदा, सेंधव्याच्या अलीकडे.
आठ पेट्या उघडल्या तेव्हा आत गोड चिखल होता.

मला जरा उशिराच उमगलं.
मालेगावला हायवेपासून दोन गल्ल्या आत हनीफचं घर,
मुलगी दहावीला, रात्री तिला भूमिती अडते.
बोरगावच्या चढावर काशिनाथची बायको
परवाच माहेरून आलीय, चाळीस दिवसांची पोर घेऊन.
दोघांनी यातलं काहीच काढलं नाही.
नुसते किलोमीटर सांगत राहिले.

माशीला किलोमीटर कळत नाहीत.
ती परत येते, पेटीतल्या काळोखात पोळ्यावर नाचते;
जितका वेळ पोट हलवेल तितकं लांब फूल.
अंतराची एक वही, वेळेची दुसरी, असलं तिच्याकडे नाही.
सेकंदभर हलली तर साधारण किलोमीटर, असं शिकवलं होतं आम्हाला.
म्हणजे भरतपूर सांगायचं तर तिने
सतरा-अठरा मिनिटं एका दमात हलत राहायचं.
कोण बघत बसेल?

शेजारच्या द्राक्षबागेतला ब्लोअर थांबला.
मोहाडीवर थंडी उतरली.
दारांना जाळ्या ठोकल्या, दोर आवळले, वरून पाणी शिंपडलं.
"माश्या माझ्या, चाक तुमचं," मी म्हटलं,
"फाट्यावर जाऊन ठरवा."
ट्रक गेला. वळल्याचा आवाज ऐकायला थांबले होते,
पण वारा उलटा होता.

सव्वादहाला हनीफचा फोन.
"गाडी चालूच ठेवलीय, बाई. दहा मिनिटं फक्त."
मागे तान्हं मूल रडत होतं,
कुणीतरी त्याला कोकणीत समजावत होतं.
मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, जरा थांबून,
"येताना मात्र मालेगाववरून येऊ."

पेटी हलवायची तर तीन फूट, नाहीतर तीन मैल,
हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.
मधल्या अंतरात माशी चुकते,
जुन्या जागी परत येते.

सकाळी ऊन पडल्यावर त्या आल्या,
काल जाळी लागताना बाहेर राहिलेल्या,
रात्र झेंडूत काढलेल्या, ओंजळभर.
विटांच्या रिकाम्या चौकोनांवर,
जमिनीपासून बरोबर दीड वीत,
जिथे दार होतं तिथल्या हवेत
आत शिरायला बघत होत्या.
बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही.

गोठ्यातून मोडकी पेटी आणली, एक काळं पोळं घातलं.
दुपारपर्यंत निम्म्या आत गेल्या.
बाकीच्या अजून तिथेच आहेत.
मी स्वयंपाकाला उशीर करून उभी आहे,
आणि खिशात फोन सांगतोय,
उदयपूर आणखी पन्नास मिनिटं.