जपून ठेवू नये

निमसे सरांचा फोन दुपारी,
सातपूरच्या गाळ्यात यूपीएस केकाटत असताना.
"पत्रं सगळ्यांना पोचतात हो,
पण संग्रहात एकही नाही.
दोन वर्षं कोरं पान."

एकशे बारा माणसं.
गंगापूर धरणापासून सायखेड्याच्या पुलापर्यंत
काठाकाठानं राहणारी,
एकमेकांना पाणी कळवणारी.
पत्र एकाच पत्त्यावर टाकायचं,
ते एकशे बारा घरी जातं,
आणि जाता जाता एक प्रत
मागच्या खोलीत ठेवली जाते.
मागची खोली माझ्याकडे.

आधी नेहमीचं पाहिलं.
डिस्क भरलीय? नाही.
सेवा चालू? चालू.
मग कॉन्फिगची फाइल उघडली:
वाट लिहिलेली जुन्या सर्व्हरची,
जो मीच भंगारवाल्याला किलोवर दिला.
म्हणजे पोस्टमन रोज जात होता
पाडलेल्या घराशी,
आणि तक्रार न करता
थैली परत आणून कोपऱ्यात ठेवत होता.

वाट बदलली.
तरी नाही.

फोल्डर माझ्या नावावर,
लिहिणारा प्रोग्राम दुसऱ्याच नावाचा.
किल्ली मी कनवटीला लावून बसलेली
आणि दाराशी उभ्या माणसाला विचारतेय,
आत का येत नाहीस?
मालकी बदलली, एका ओळीत.
सातबाऱ्यावर हेच करायला माझ्या मामांना अकरा वर्षं लागली.

रात्री साडेनऊला रांग हलली.
"रामकुंडाच्या चार पायऱ्या उघड्या."
"दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला."
"कंबरेला. भांडीबाजारातली दुकानं आवरताहेत."
"छातीला. इकडे लाइट गेली, बाकी उद्या."
काहींवर तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर;
ज्या घड्याळाला काहीच आठवत नाही
ते तिथून मोजायला लागतं.
एका पत्रात नुसती प्रश्नचिन्हं,
दोन शब्दांएवढी.
पाणी चढलं असेल, किंवा उतरलं.
मूळ प्रत काढून लिपीचा संकेत बदलून पाहिला.
उतरलं होतं.
दोन वर्षांपूर्वीचं पाणी,
तरी मला बरं वाटलं.

मग मोजणी.
गेलेली एक हजार चारशे सदुसष्ट,
आत आलेली एक हजार चारशे सहा.
एकसष्ट कमी.

पुन्हा लॉग. चहा गार.
एकसष्टही एकाच पत्त्यावरून:
इंदुमती क्षेमकल्याणी, घारपुरे घाट.
आणि प्रत्येकाच्या माथ्यावर,
कुणी सहसा बघत नाही त्या ओळींमध्ये,
त्यांनी हातानं घातलेली एक ओळ,
जपून ठेवू नये.
सॉफ्टवेअरनं ऐकलं होतं.
एवढ्या बिघाडात
तेवढंच एक नीट चाललं होतं.

"अहो, बाई आता नाहीत," निमसे सर म्हणाले,
"आणि तेवढी एकच तर ओळ आहे ना,
'मान राखावा: होय'.
तिथं 'नाही' करा.
त्यांच्यासारखं कोण लिहीत होतं?"

खरंय. कुणीच नाही.
त्या पाण्याविषयी कमीच लिहायच्या.
चाचणीसाठी मीही त्या यादीत होते कधीपासून,
म्हणून एक माझ्याकडेही आलेलं:
"आज पाणी तिसऱ्या पायरीला.
डॉक्टर नको म्हणतात, तरी पाय बुडवून बसले.
छान वाटलं. कुणाला सांगू नका."
एकशे बारा जणांना लिहिलेलं, कुणाला सांगू नका.

कर्सर 'होय'वर लुकलुकत राहिला.
खाली रस्त्यावर शेवटची सिटी बस गेली.
मी फाइल तशीच बंद केली,
सेवा पुन्हा सुरू केली,
सरांना कळवलं: एक हजार चारशे सहा. काम पूर्ण.

माझ्या इनबॉक्समधलं ते एक
अजून आहे.
तिथं कुठली ओळ बदलायची
मला माहीत नाही.
आणि सांगू नका म्हटलेलं
हे बघा,
सांगूनही बसले.